मशीनवर शून्य, सीटखाली थरथर: मांद्र्यातल्या एका स्पोर्ट्स कारचं प्रकरण

गाडी दोन आसनांची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. सहा सिलिंडर, सहा गिअर, सगळे हाताने टाकायचे. मालक पेडणे तालुक्यात मांद्र्याला दाताचे डॉक्टर आहेत. गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली, आणि आधीच्या मालकाने तिला बाहेरची १८ इंची रिम बसवलेली होती. तक्रार अशी: ताशी ९५ किलोमीटरच्या पुढे सीट थरथरू लागते, १०५ ते ११५ या पट्ट्यात सर्वात जास्त, १२० ला पुन्हा थोडी निवळते. स्टीअरिंग मात्र शांत.

डॉक्टरांची मुलगी नागपूरला शिकते. तिला आणायला-सोडायला ते समृद्धी महामार्गाने जातात. तिथे कारला ताशी १२० ची परवानगी आहे, म्हणजे थरथरीचा पट्टा नेमका त्यांच्या नेहमीच्या वेगात येतो. गोव्यात मात्र हा वेग गाठायला रस्ताच नाही. पुलावर घ्यावं तर दर थोड्या अंतरावर जोड लागतो आणि त्याचे धक्के मोजमापात मिसळतात. गावातल्या रस्त्यांबद्दल बोलायलाच नको. त्यामुळे ज्या ज्या गॅरेजमध्ये गाडी गेली तिथल्या मिस्त्रीने ती ६०-७० वर फिरवली आणि काही नाही म्हणून परत दिली. त्यात कुणाची लबाडी नव्हती. असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ७० वर तो १०५ च्या निम्म्याहूनही कमी असतो. जी गोष्ट त्या वेगाला जाणवतच नाही ती कोण कशी पकडणार?

म्हापशाला माझ्या गॅरेजमध्ये गाडी आली तेव्हा सोबत बिलांची चळत होती. चारही चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे रिमला शिशाचे तुकडे लावून चाकाचा तोल साधणं, तेही पुन्हा पुन्हा. अलाइनमेंट. मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवीन. आणि शेवटचा सल्ला, चारही टायर बदला. डॉक्टर म्हणाले, "दर वेळी बॅलन्सिंगच्या मशीनवर शून्य येतं. माझ्या पाठीला जे कळतं ते त्या मशीनला कळत नाही का?"

प्रश्न अगदी योग्य होता, आणि या प्रकरणाचं निम्मं उत्तर त्यातच होतं. पण त्या वेळी मी एवढंच म्हटलं, "डॉक्टर, आज काहीही बदलायचं नाही. आधी मोजू."

अलाइनमेंटचा विषय इथेच संपवतो, कारण त्यावर लोकांचा फार पैसा जातो. चाकांचे कोन चुकले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडे झिजतात, स्टीअरिंग सरळ राहत नाही. पण ठरावीक तालात येणारी थरथर कोनामुळे येत नाही. तालात थरथरायला काहीतरी फिरत असावं लागतं, आणि ते फिरणारं काहीतरी एका बाजूला जड, वाकडं किंवा मध्यापासून सरकलेलं असावं लागतं. तेव्हा शोध फिरणाऱ्या वस्तूंचा घ्यायचा. या गाडीत १०५ च्या वेगाला तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या गतींनी फिरतात: चाकं, गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारा मधला लांब प्रॉपेलर शाफ्ट आणि इंजिन. थरथर सेकंदाला किती वेळा होते हे कळलं की गुन्हेगार कुठल्या घराण्यातला ते कळतं.

हिशोब कागदावर करता येतो. मागचे टायर २५५/३५ आर १८. रिमचा व्यास ४५७ मिलिमीटर. टायरची भिंत रुंदीच्या, म्हणजे २५५ मिलिमीटरच्या, ३५ टक्के, म्हणजे ८९. ती वर आणि खाली अशी दोनदा धरली की पूर्ण व्यास ६३६ मिलिमीटर, आणि घेर दोन मीटरच्या आसपास. वजनाखाली टायर दबतो म्हणून एका फेऱ्यात गाडी १.९४ मीटर पुढे जाते असं मी धरलं. ताशी १०५ म्हणजे सेकंदाला २९.२ मीटर. भागाकार केला की चाकाचे सेकंदाला १५ फेरे, म्हणजे १५ हर्ट्झ. शाफ्टची ताकद मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचं प्रमाण या गाडीत ३.१५ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.१५ फेरे, म्हणून शाफ्ट १५ गुणिले ३.१५, साधारण ४७ हर्ट्झ. सहाव्या गिअरचं प्रमाण ०.८५, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचा ०.८५ फेरा, तेव्हा इंजिन ४० हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला २,४०० फेरे. सहा सिलिंडरांमध्ये दर फेऱ्याला तीन स्फोट होतात, त्यांची खूण १२० ला दिसायला हवी. १५, ४०, ४७, १२०. हे आकडे एकमेकांपासून पुरेसे लांब आहेत, त्यामुळे गल्लत व्हायची शक्यता कमी.

मोजायला महागडं यंत्र लागलं नाही. फोनमध्ये कंपन टिपणारा सेन्सर असतोच. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने तयार केलेलं फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप त्या सेन्सरच्या नोंदी घेऊन वारंवारतेचा आलेख काढून देतं. यात एक अट पाळावी लागते. १५ ते ४७ पर्यंतच्या खुणांसाठी फोन सेकंदाला निदान २०० नोंदी घेणारा हवा. १०० नोंदी घेणाऱ्या फोनला ५० हर्ट्झच्या पुढचं काही खरं दिसत नाही, आणि ४७ ची खूण अगदी त्या काठावर येते. फोन हातात किंवा डॅशबोर्डच्या खाचेत ठेवूनही चालत नाही, तो स्वतःच खडखडतो. मी तो सीटच्या लोखंडी रुळाला घट्ट बांधून दिला आणि डॉक्टरांना सांगितलं की नागपूरहून येताना मुलीला नोंदी घ्यायला सांगा, तुम्ही फक्त वेग स्थिर धरा. वेग जीपीएसचा बघायचा, कारण स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. १०५ ला सहावा गिअर, मग त्याच वेगाला पाचवा. मग पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबून आणि मग सोडून.

मुलीने काम चोख केलं. प्रत्येक नोंदीला वेग, गिअर आणि पाय दाबलेला की सोडलेला हे लिहून ठेवलं होतं, एवढंच नव्हे तर एक निरीक्षण स्वतःहून जोडलं होतं: "लांब वळण संपलं की थरथर कधी वाढते, कधी कमी होते, आणि पुढच्या वळणापर्यंत तशीच राहते." या एका ओळीचं मोल मला सगळ्या आलेखांएवढं वाटलं. वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त फिरतं. दोन्ही मागच्या चाकांत दोष असेल तर वळण सरेपर्यंत त्यांच्या जड बाजूंचं एकमेकांशी असलेलं नातं बदलतं. कधी दोन्ही एकदमच वर येतात आणि गाडीला उचलतात, कधी एक वर तर एक खाली, तेव्हा जोर अर्धामुर्धा कटतो. म्हणजे दोष एका चाकात नव्हता, दोन्हींत होता.

आलेखात दोन उंच टोकं होती. मोठं १५ हर्ट्झला, त्याची उंची ०.०६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या सहा टक्के. दुसरं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, ४७ हर्ट्झला. सहाव्यावरून पाचव्या गिअरवर आल्यावर इंजिनाचे फेरे वाढले, पण ही दोन्ही टोकं जागची हलली नाहीत. इंजिन आणि त्याला धरणारे रबरी आधार यादीतून गेले. १५ च्या टोकाला पाय दाबला काय आणि सोडला काय, काही फरक पडत नव्हता. ४७ चं टोक मात्र पाय दाबल्यावर उंचावत होतं आणि सोडल्यावर बसत होतं. एका तक्रारीत दोन आजार मिसळलेले होते. इतक्या गॅरेजांमध्ये फिरूनही गाडी बरी का झाली नाही, याचं हे मोठं कारण. एकावर इलाज करताना दुसरा चालूच राहायचा, आणि मालकाला वाटायचं की काहीच झालं नाही.

थरथर १०५ ते ११५ लाच का भरते, याचंही उत्तर याच आकड्यात आहे. टायर आणि सस्पेन्शन यांच्यामध्ये झुलणाऱ्या चाकाची स्वतःची वारंवारता बहुतेक गाड्यांमध्ये १० ते १५ हर्ट्झच्या दरम्यान असते. चाकाचे फेरे त्या आकड्याशी जुळले की थोडासा दोषही फुगून दिसतो, आणि पुढे गेले की ओसरतो. नवीन शॉक अ‍ॅब्सॉर्बर टाकल्यावर डॉक्टरांना काही दिवस बरं वाटलं ते याच कारणाने. झोका दाबला गेला, ढकलणारा हात तसाच राहिला.

हबवर काय होतं

आता चाकांकडे. पुढचे टायर २२५/४० आर १८, मागचे रुंद, त्यामुळे पुढची-मागची चाकं अदलून बघायची सोपी युक्ती इथे चालत नव्हती. डावं-उजवं अदलता आलं असतं, पण मी मुद्दाम केलं नाही. चाक काढून पुन्हा लावण्यातच दोष असेल तर अदलाबदल केल्याने पुरावा पुसला जातो.

मागची बाजू उचलली आणि चाक न काढता रिमच्या कडेला डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप, लावला. माझ्याकडे शिकणाऱ्या पोराने चाक हळूहळू फिरवलं. डाव्या मागच्या रिमचा वर-खालीचा फरक १.१ मिलिमीटर आला, उजव्याचा ०.८. पोरगा म्हणाला, "दादा, रिम वाकलीय." कुणालाही तसंच वाटलं असतं. चाक काढून तेच बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं आणि तिथे गेज लावला. फरक फक्त ०.३. बॅलन्सही शून्याच्या आसपास. मग गाडीचा हब, म्हणजे ज्यावर चाक बोल्टने बसतं तो भाग, तपासला, त्याचा मधला गोल खांदा ०.०३ मिलिमीटर, अगदी सरळ. रिम ठीक, हब ठीक, आणि दोन्ही जोडले की १.१. दोष त्यांच्या जोडणीत होता.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक एका शंकूच्या मदतीने मशीनच्या शाफ्टवर अचूक मध्याला धरलेलं असतं. मशीन सांगतं ते खरंच असतं, पण ते त्या शाफ्टवरचं खरं असतं. तेच चाक गाडीच्या हबवर अर्धा मिलिमीटर सरकून बसलं तर मशीनला ते कळायचा मार्गच नाही.

ते का सरकलं? या गाडीच्या हबचा खांदा ७२.६ मिलिमीटरचा. बाहेरच्या रिमचं मधलं भोक ७४.१ चं, कारण असे रिम अनेक गाड्यांना बसावेत म्हणून भोक मोठं ठेवतात आणि मधली फट भरायला एक पातळ रिंग देतात. या गाडीत ती प्लास्टिकची होती. उजव्या बाजूची ब्रेकच्या उष्णतेने चेपून अंडाकृती झालेली. डाव्या बाजूची नव्हतीच. कुठल्या तरी टायरच्या दुकानात चाक काढताना ती गळून पडली असणार. त्यात भर गंजाची. मांद्र्याची खारी हवा, जून ते सप्टेंबर गाडी कव्हरखाली उभी, पोलादी हब आणि अ‍ॅल्युमिनियमची रिम एकमेकांना चिकटून, मध्ये ओलावा आणि मीठ. दोन वेगळे धातू असे एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी धरते, आणि पोलादावर गंजाचे पापुद्रे चढतात. हबच्या तोंडावर ते नखाने निघत होते. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत हे मी सारखं पाहतो, आणि चाक काढल्याशिवाय ते बाहेरून मुळीच दिसत नाही.

रिंग नसली तरी बोल्टच्या निमुळत्या बैठकीमुळे चाक बऱ्यापैकी मध्याला येतं, हेही सांगायला हवं. पण त्यासाठी चाक हवेत असताना, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जावं लागतं. दुकानांत एक बोल्ट हवेच्या गनने पूर्ण मारतात, मग शेजारचा. पहिल्या बोल्टने चाक जिथे धरलं तिथेच ते अडकतं. म्हणून दर बॅलन्सिंगनंतर या गाडीची थरथर वेगळी असायची, कधी कमी, कधी जास्त. बॅलन्सिंगचा त्यात काही हात नव्हता. चाक प्रत्येक वेळी नव्या जागी सरकून बसत होतं.

अर्ध्या मिलिमीटरने काय होतं असं वाटेल, म्हणून हिशोब देतो. गेजवरचा फरक १.१ असेल तर चाकाचा मध्य त्याच्या निम्म्याने, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने सरकलेला असतो. टायरसकट चाकाचं वजन २२ किलो. ते अर्धा मिलिमीटर बाजूला गेलं की १८ इंची रिमच्या कडेला सुमारे ४८ ग्रॅमचं शिसं चुकीच्या जागी चिकटवल्यासारखं होतं. एरवी ५-१० ग्रॅमसाठी आपण मशीनवर डोकं फोडतो. १०५ च्या वेगाला त्याचा ओढा साधारण १०० न्यूटन, म्हणजे १० किलो वजनाएवढा, सेकंदाला १५ वेळा दिशा बदलत. शिवाय टायर रस्त्यावर दाबला जातो तो दर फेऱ्याला अर्धा मिलिमीटर जास्त आणि कमी. टायरची ताठरता मिलिमीटरला साधारण २०० न्यूटन धरली तर तो आणखी १०० न्यूटनचा धक्का. हा दुसरा धक्का कितीही शिसं चिकटवलं तरी जात नाही, तो वजनाचा नसून आकाराचा आहे.

इलाजाचा खर्च टायरच्या खर्चाच्या जवळपासही गेला नाही. हबचं तोंड आणि खांदा तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ केला, रिमची आतली बैठकही. थिवीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या चार रिंगा अचूक मापाच्या करून घेतल्या. पुढच्या दोघांची प्लास्टिकची अजून शाबूत होती, तरी तीही बदलली. खांद्यावर गंजरोधक पेस्टचा अगदी पातळ हात दिला. बोल्टच्या आट्यांवर आणि निमुळत्या बैठकीवर पेस्टचा थेंबही लागू द्यायचा नाही, नाहीतर बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणाऱ्या टॉर्क रेंचवरचा आकडा खोटा होतो आणि बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. मग चाक हवेत ठेवून हाताने, चांदणीच्या क्रमाने बोल्ट बसवले आणि जमिनीवर टेकवून पुस्तिकेतल्या १२० न्यूटन-मीटरला आवळले. पुन्हा गेज: डावं ०.३५, उजवं ०.३.

टायर बदलायला मी नकार दिला. भिंतीवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, त्यावरून ते जुने नव्हते. नक्षी भरपूर होती, कुठे फुगवटा नव्हता, भेगा नव्हत्या. पावसाळाभर उभं राहून तळाला थोडा सपाटपणा आला होता, पण तो पहिल्या काही किलोमीटरमध्ये टायर गरम झाला की बराचसा जातो. बेअरिंगही ठीक होती. ती खराब असती तर घरघर आली असती आणि वळणावर वजन सरकलं की आवाज बदलला असता. डिस्क वाकडी असती तर ब्रेक दाबल्यावर जाणवलं असतं.

४७ चं टोक

दुसरा आजार शाफ्टकडचा. पायाच्या दाबाने बदलणारी थरथर बहुधा ताकद वाहून नेणाऱ्या सांध्यात असते. लिफ्टवर गाडी चढवून चाकं फिरवत बघायचा मोह होतो. मी ते करत नाही. चाकं लोंबकळत असताना शाफ्टचे कोन बदलतात, नसलेली थरथर दिसते आणि असलेली लपते. इंजिन बंद ठेवून, सस्पेन्शनचे आर्म खालून आधार देऊन नेहमीच्या उंचीवर आणले आणि डोळ्यांनी पाहिलं.

गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्यामध्ये जाड रबराची एक गोल चकती असते, तिच्यात बोल्टसाठी धातूच्या नळ्या बसवलेल्या. वरवर पाहता ती धडधाकट होती. पहारीने शाफ्टला हलका पीळ दिला तेव्हा दोन नळ्यांभोवती रबर तोंड उघडू लागलं. पाय दाबला की या भेगा उघडायच्या, शाफ्टचं पुढचं टोक मध्यापासून हलायचं आणि ४७ चं टोक वर यायचं. मधल्या आधाराच्या बेअरिंगचं रबर मात्र चांगलं होतं.

चकती बदलण्याचं काम अवघड नाही, पण इथे घाई केली तर नवी थरथर विकत घेतली जाते. उघडण्याआधी शाफ्ट आणि फ्लॅन्ज (चकती जिथे बोल्टने जोडतात तो टोकाचा भाग) या दोन्हींवर रंगाची खूण केली, कारण शाफ्ट बनवताना त्याचा तोल एका ठरावीक स्थितीत साधलेला असतो आणि एका बोल्टाने जरी तो फिरवून बसवला तरी तो तोल बिघडू शकतो. नव्या चकतीवर बाण असतात, ते फ्लॅन्जच्या हाताकडे रोखलेले हवेत, म्हणजे ओढ चकतीच्या आतल्या दोरांवर सरळ येते. आवळताना फक्त नट फिरवायचा, बोल्टचं डोकं धरून ठेवायचं, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच बसतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आणि नट नवे.

हे काम चाकांनंतर केलं, एकत्र नाही, आणि मध्ये डॉक्टरांना पुन्हा नोंद घ्यायला लावली. दोन्ही एकदम केलं असतं तर कशाने काय गेलं ते कधीच कळलं नसतं. चाकांच्या कामानंतर १५ चं टोक ०.०६ वरून ०.०१ जी वर आलं आणि ४७ चं जसंच्या तसं राहिलं. चकतीनंतर ४७ चंही रस्त्याच्या नेहमीच्या गुणगुणण्यात बुडालं.

ज्यांची थरथर अशी जुनी नसून अचानक सुरू झाली असेल त्यांनी यातलं काही करत बसू नये. गाडी बाजूला घ्यावी, चाकांचे बोल्ट आणि टायरच्या आतल्या भिंतीवरचा फुगवटा बघावा, आणि शंका असेल तर गाडी उचलून न्यावी.

नव्या आलेखात ३० हर्ट्झला एक बारीक टोक अजून आहे, एका फेऱ्यात दोनदा येणारं. टायर किंचित लांबट झाला की असं दिसतं, आणि पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी आहे, तेव्हा ते टायरचंच असणार. सीटवर ते जाणवत नाही, म्हणून तसंच सोडलं. डॉक्टरांना रिंगांचा एक जादा जोड दिला आहे. गाडी कुठल्याही दुकानात गेली तरी चाक काढताना रिंग हबवर आहे की रिमला चिकटून आली, हे स्वतः बघायचं आणि हवेची गन वापरू द्यायची नाही. पुढच्या जूनपासून गाडी कव्हरखाली सलग उभी राहणार नाही. दर आठवड्याला म्हापशापर्यंत येऊन जायचं ठरलं आहे, आणि गणपतीनंतर चारही चाकं काढून हब पुन्हा बघायचे.